नाल्याकाठचा मोहोर

"फुटला! मोहोर फुटला! बाबाजीच्या झाडाइले मोहोर फुटला!"

पौषातल्या त्या सकाळी कडूबा असा बोंबलत गावात शिरला की मला वाटलं, कोणाच्या तरी कडब्याच्या गंजीला आग लागली. मी हजेरी घेत होतो. पोरांनी माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं, दाराकडे एकदा बघितलं, आणि सगळी पसार झाली. मी नीळकंठ, वरवट बकालच्या शाळेचा हेडमास्तर, म्हणजे त्या शाळेतला एकुलता एक मास्तर. रिकाम्या बसकरांना पाढे शिकवण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून टोपी घालून मीही निघालो.

शालिग्राम पाटलांच्या आमराईत अख्खं गाव लोटलं होतं. नाल्याच्या अगदी काठावरच्या सात झाडांना लाल दोरे बांधलेले होते आणि सातही झाडांच्या शेंड्यांवर कोवळा मोहोर डुलत होता. खाली फुलगिरी महाराज मृगाजिनावर बसलेले. लोक त्यांच्या पाया पडत होते, झाडाच्या पाया पडत होते, घाईघाईत एकमेकांच्याही पाया पडत होते. एक बाई झाडाखालची माती तापलेल्या पोराला चाटवत होती. ते पोर बिचारं थुंकत होतं आणि ती म्हणत होती, "गिळ बे, औषध हाय!" त्या सगळ्या गर्दीत अक्कल होती ती फक्त त्या पोराला.

आता झालं होतं काय ते सांगतो. त्या साली कार्तिक गेला, मार्गशीर्ष निम्मा गेला, तरी थंडीचा पत्ता नव्हता. आभाळ भरलेलं, रात्री उबदार. आंब्याला मोहोराऐवजी नुसती तांबडी पालवी फुटत होती. पाटलांचा जीव टांगणीला लागला. आमचं वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला बांधलेलं. नागपूरचा हुकूम पंधरा दिवसांनी का होईना गावात यायचा, पण थंडी कोणाच्याच हुकमाने येईना. मार्गशीर्षाच्या शेवटी आभाळ निवळलं, गारवा पडला आणि त्याच सुमारास हे महाराज उगवले. झाडांची नाडी बघतो म्हणाले.

हो, नाडी! झाडाची! खाली लोंबणारी फांदी धरायची, शेंड्याला अंगठा आणि बोट लावायचं, डोळे मिटायचे, आणि "हूं" करायचं.

"वृक्ष भी प्राणी है, बेटा! त्याला लाज आहे, त्याला राग आहे. त्याचं रक्त मी जाणतो!"

असं म्हणत एखाद्या झाडाला लाल दोरा बांधायचा, एखाद्याला "अभी इसका मन नहीं" म्हणून सोडून द्यायचं. ज्यांना दोरा बांधला ती सातच्या सात फुलली. मन नसलेल्यांकडे कोण बघतो?

त्या सकाळी पाटील हात जोडून म्हणाले, "महाराज, नाल्यापाशी किरपा झाली. वरच्या बगिच्याचं पाहा ना."

त्यांची आमराई नाल्यापासून चढत चढत टेकाडापर्यंत गेलेली. टेकाडावर वीस-पंचवीस झाडं आणि त्यांच्या मधोमध इमामबीची झोपडी. इमामबी म्हणजे बद्रुद्दीन बागवानाची बायको. ही सगळी झाडं बद्रुद्दीननेच लावलेली, पाटलांच्या वडिलांच्या वेळी. तो वारून सहा वर्षं झाली होती. म्हातारी तेव्हापासून एकटी राखण करायची, खड्डे भरायची, आंबे उतरवायची. मूलबाळ नाही. त्या झोपडीशिवाय तिला जगात दुसरं छप्पर नव्हतं.

महाराज वर गेले. एका फांदीला हात लावला आणि विंचू डसावा तसा झटकन मागे घेतला.

"नाडी बंद! इथे कोणाची तरी सावली पडते!"

सगळ्यांच्या माना झोपडीकडे वळल्या. इमामबी दारात ज्वारी पाखडत बसली होती.

"विधवा?" महाराजांनी विचारलं, जणू त्यांना गेले बारा दिवस ते ठाऊकच नव्हतं.

"हाव, हाव, रांडमुंड हाय!" कडूबा ओरडला. या कडूबाची स्वतःची आई वीस वर्षं विधवा आहे आणि तिच्या दारातली चिंच दरसाल लगडून मोडायला येते. पण हे त्याला कोण सांगणार?

"अमावस्येला ही झोपडी अग्नीला द्या. बाईला शिवेबाहेर घाला. त्यानंतर एकवीस दिवसांत वरची झाडं फुलली नाहीत, तर माझ्या जटा तुमच्या हाताने कापा!"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! एका म्हातारीचं घर जाळायचं ठरलं आणि लोक लग्न ठरल्यासारखे हसत घरी गेले. मी पाटलांना बाजूला घेतलं. पाटील तसे वाईट माणूस नव्हते; मऊ माणूस होते, आणि मऊ माणूस जिकडे रेटा तिकडे वाकतो.

"मास्तर, बद्रुद्दीनभाऊच्या खांद्यावर बसून म्या कैऱ्या खाल्ल्या," ते म्हणाले. डोळ्यांत पाणीसुद्धा होतं. "पण साल वाया चाल्लं ना. सात झाडं म्या माह्या डोयानं पाह्यली."

"आणि बाकीची?"

"बाकीच्याइचं मन नाई."

मी कपाळावर हात मारून घेतला.

संक्रांतीनंतर उत्तरेचं वारं सुटलं आणि खरी थंडी पडली. अमावस्येला सहा दिवस होते. मी इमामबीकडे गेलो तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. रडत असेल असं वाटलं होतं. रडत कसली, ती संतापाने फणफणत होती.

"मास्तर, तुमी शिकेल माणूस. तुमी त्याच्या आंगठ्याकडे पाह्यलं काय?"

"अंगठ्याकडे?"

"या इकडे." तिने मला दंडाला धरून बाहेर ओढलं, एक फांदी वाकवली. "हा डोळा दाबा शेंड्याचा. कसा लागते?"

"टोकदार. बारीक."

"याच्यात पान हाय. आता हा दाबा."

"हा गोल आहे. जाडसर."

"याच्यात मोहोर हाय. आठ-धा दिवसांत निंगते. माह्या मालकानं मले पह्यल्याच साली शिकवलं होतं. थो मेला डोळे मिटून नाडी पाह्यते म्हन्ते! नाडी नाई, डोळा दाबून पाह्यते. फुगेल असला का दोरा बांधते, नसला का मन नाई म्हन्ते. कुठल्यातरी बागवानाच्या हाताखाली राबेल हाय थो. आंगठा लपत नसते, मास्तर."

मी खिशातला चाकू काढून तो जाड डोळा उभा चिरला. आत मोहरीपेक्षाही बारीक हिरवट दाणे, घोसाने बसलेले. मोहोरच तो, अजून बाहेर यायचा होता इतकंच. तेरा वर्षं मी पोरांना 'झाडाचे अवयव' शिकवत होतो, फळ्यावर चित्रं काढत होतो, आणि शाळेपासून दोन फर्लांगावरच्या आंब्याचा डोळा कधी दाबून पाहिला नव्हता. मला माझीच लाज वाटली.

"पण चाची, हा फुगलेला डोळा तर तुझ्या झोपडीजवळचा आहे!"

"तेच तर सांगून राह्यली ना! वरचे डोळे आता फुगाले लागले. आता पडली ना थंडी. त्याले बी माहीत हाय. झोपडी जायली काय, नाई जायली काय, हे झाडं फुलनारच. मंग थो म्हनन, पाह्य, रांडेची सावली गेली अन् मोहोर आला!"

हा माणूस नुसता लबाड नव्हता. जे आपोआप होणार होतं त्याची शोभा वाढवायला म्हणून तो एका बाईला थंडीत उघड्यावर काढणार होता.

"मग खालची आधी का फुलली?" मी विचारलं.

"काऊन म्हंजे? खाली थंडी जास्त." मास्तर असून एवढं कळत नाही, असा तिचा चेहरा झाला. "आमची झोपडी पह्यले नाल्यापाशीच होती. पह्यल्या हिवाळ्यात मालकाले थंडीताप आला. मंग उचलून वर आनली. गावातला कोनता राखनदार नाल्यात झोपते, सांगा बरं?"

कोणीच नाही. सगळे राखणदार टेकाडावरच बिछाना टाकतात. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि नाल्याच्या खोलगटात साचून राहते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. गावाला ते पायाने ठाऊक होतं. झोपडी वर नेली कारण वर ऊब होती, वर ऊब होती म्हणून झाडं मागे राहिली, आणि झाडं मागे राहिली म्हणून झोपडी जाळायची! बसवा आता हिशेब!

दुसऱ्याच दिवशी मी खामगावला गेलो. तिथल्या हायस्कुलात माझा मित्र भालचंद्र शास्त्र शिकवतो. त्याच्याकडून दोन उष्णतामापक नळ्या आणल्या. एक नाल्याकाठच्या झाडाला टांगली, एक इमामबीच्या दारातल्या झाडाला. चार दिवस रोज उजाडता उजाडता दोन्ही वाचल्या. खाली बेचाळीस-त्रेचाळीस अंश फॅरनहाइट, वर पन्नास-एक्कावन्न. एकही दिवस उलटं झालं नाही.

अमावस्येच्या सकाळी टेकाडावर जत्रा भरली. कडूबाने रॉकेलचा डबा आणलेला. महाराज पाटलांची गोधडी पांघरून उभे. थंडी-वाऱ्याच्या पलीकडे गेलेले हे महापुरुष दिवसभर नाल्याकाठी बसायचे आणि दिवेलागणीला पाटलांच्या माजघरात तीन गोधड्यांखाली शिरायचे, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. आणि तरीसुद्धा!

इमामबी दारात आडवी बसली होती. मी पाटलांपुढे उभा राहिलो.

"पाटील, जाळा. पण आधी दहा फांद्या बघा. नाल्याच्या दोरा न बांधलेल्या झाडांच्या पाच आणि इथल्या पाच. या पोरांनी आत्ता तोडून आणल्यात."

"ये क्या नाटक है?" महाराज गुरगुरले.

"नाटक नाही, नाडी. इमामबीही बघते म्हणते."

लोक हसले. मी इमामबीच्या डोळ्यांवर माझं उपरणं घट्ट बांधलं आणि गाठ पाटलांना ओढून बघायला लावली. फांद्या मिसळून एकेक तिच्या हातात दिली. ती शेंडा दाबायची आणि बोलायची.

"मोहोर. पान. पान. मोहोर..."

प्रत्येक डोळा मी सर्वांसमोर वस्तऱ्याने चिरायचो आणि पाटलांच्या घरच्या अंबूबाईंच्या हातात द्यायचो, कारण त्यांची नजर तीक्ष्ण आणि महाराजांवर भक्ती सगळ्यात दांडगी. पहिला चिरला, त्यांनी माझं भिंग लावून पाहिला.

"अगं बाई! याच्यात तं फूल हाय!"

"दुसऱ्यात?"

"नाई. पान हाय बारकुलं."

दहापैकी दहा! एकही चुकला नाही.

"मंत्र म्हटला का चाचीने?" मी विचारलं. "दोरा बांधला? नारळ घेतला? जिच्या सावलीने झाड वाळतं म्हणता, तिने डोळे बांधून हात लावला, आणि फूल आतच होतं. दोरा बांधायच्या आधीपासून होतं. आता महाराजांची पाळी." मी गोधडीच्या चिंधीची जाड पिशवी पुढे केली. "डोळे मिटूनच बघता ना? मग उपरणं बांधू. आणि हात या पिशवीत. एवढी मोठी शक्ती, चिंधीने थोडीच अडणार?"

"शक्ती स्पर्शात असते, मूर्खा!"

"म्हन्जे आंगठ्यात," इमामबी उपरणं सोडता सोडता म्हणाली.

आणि कोणीतरी हसलं. आधी एक, मग दहा, मग सगळे. महाराजांनी शाप दिला. माझ्या सात पिढ्यांची वाचा जाईल म्हणाले. मी म्हटलं, "पहिल्या पिढीपासून सुरुवात करा, मी उभाच आहे." त्यांनी मृगाजिन काखेत मारलं आणि संग्रामपूरच्या वाटेला लागले. जाताना पाटलांची एक गोधडी त्यांच्या अंगावर राहिली ती राहिलीच.

तुम्हाला वाटेल, मिटलं. छे! कडूबा डबा धरून तसाच उभा.

"थे ठीक हाय. बाबा खोटा. पन सावली खोटी काऊन? खालचे फुलले, वरचे नाई फुलले, हे तं खरं हाय ना?"

प्रश्न वाजवी होता, हे मला मान्य करावं लागलं. मी दोन्ही नळ्या आणल्या. "दोनी खोट्या," कडूबा म्हणाला. मी त्या एकाच बादलीत बुडवल्या. दोन्ही एकाच अंशावर उभ्या राहिल्या. मग चार दिवसांचे आकडे वाचले, नाल्यात कोणी झोपत का नाही ते विचारलं, आणि पाटलांना म्हटलं, "आंब्याला थंड रात्री लागतात. खाली त्या आधी मिळाल्या, वर आता मिळतायत. झोपडी राहू द्या. माघी पौर्णिमेपर्यंत वरची झाडं फुलतील."

"अन् नाई फुलली तं?"

मी तोंड उघडायच्या आत इमामबी उठली. "तं म्याच काडी लावीन. तुमचं रॉकेल बी नको."

ते पंधरा दिवस माझे कसे गेले ते मलाच ठाऊक. थंडी काही माझ्या बापाची नोकर नव्हे. सहाव्या दिवशी आभाळ भरून आलं. मी तर्काने बोललो होतो, पण डाव तिच्या घराचा लावला होता. सकाळ-संध्याकाळ टेकाडावर जायचो आणि डोळे दाबत हिंडायचो. इमामबी म्हणायची, "मास्तर, दाबून दाबून माराल झाडाइले! बसा, च्या घ्या." दोन दिवसांनी आभाळ फाटलं. पौर्णिमेला तीन दिवस उरले असताना झोपडीच्या अगदी दारातल्या झाडाने पहिला तुरा काढला. पौर्णिमेला टेकाड निम्म्याच्या वर फुललं होतं, आणि झोपडी जागच्या जागी होती.

पाटील आले. वर मोहोराकडे बघत म्हणाले, "भाभी, चुकलो." ती म्हणाली, "हाव, चुकलेच." आणि सूप घेऊन बसली.

आता ऐका, या गावाची अक्कल कुठवर जाते ती. पौर्णिमेच्याच दुपारी कडूबा वीस माणसं घेऊन टेकाडावर आला. प्रत्येकाच्या हातात नारळ, कुंकू, लाल दोरा. आणि सगळे इमामबीपुढे आडवे पडले!

"चाची, तुह्या हातात दैवत हाय! माह्या लिंबाले हात लावून दे. मंत्र सांग!"

मला हसावं की रडावं कळेना. इमामबीने केरसुणी उचलली.

"उठा बे, उठा! पंधरा दिवसांपह्यले जायाले आले होते, आता पाया पडाले आले! तवा मी चेटकीन होती, आता पीर झाली काय? मानूस कवा होऊ देसान तुमी मले?"

कडूबा पुटपुटला, "पन मंत्र..."

"पाह्यजे? उद्या उजाडता नाल्यात ये. अनवानी."

आणि तो पठ्ठ्या आला, हो! अंघोळ करून, गंध लावून. इमामबीने त्याला नाल्याकाठच्या गवतात दवात उभं केलं. मीही गेलो होतो, ही संधी मी सोडणार नव्हतो. थोड्याच वेळात त्याचे दात वाजायला लागले.

"कसं वाटून राह्यलं?"

"मेलो, चाची. पाय बधिर झाले."

"चाल आता वर." तिने त्याला टेकाडावर नेलं, झोपडीच्या दारात उभं केलं. "इथं कसं?"

"इथं बरं हाय. गरम हाय."

"हाच मंत्र. झाडाले पाय नसते. थे तुह्यासारखं चालून वर येत नाई. जिथं उभं हाय, तिथल्या थंडीनं फुलते."

कडूबाने नाल्याकडे बघितलं, मग डोक्यावरच्या मोहोराकडे. एक फांदी ओढून त्याने शेंडा दाबला, चुकीचा, नुसत्या पालवीचा. तिने त्याचा अंगठा धरून दुसऱ्या शेंड्यावर ठेवला.

लोकहो, तुमच्याही गावात उद्या कोणी नाडी बघणारा येईल. त्याच्या पाया पडण्याआधी त्याच्या अंगठ्याकडे बघा. आणि कोणाची सावली वाईट असं तो म्हणाला, तर आधी विचारा, ती व्यक्ती गेल्यावर जे होणार, ते ती असतानाही होणार नव्हतं कशावरून? एवढा एक प्रश्न विचारायला शाळा लागत नाही. इमामबी शाळेत गेली नव्हती.

कडूबाच्या हातात आदल्या दिवशीचा नारळ अजून होताच. तो कुठे वाहावा हे त्याला सुचेना. शेवटी त्याने तो झोपडीच्या उंबऱ्याबाहेरच्या दगडावर फोडला, एक कवड इमामबीला दिली, आणि आम्ही तिघांनी उन्हात बसून खोबरं खाल्लं.